शेवटच्या डब्यापासून

त्या माणसाला मसाला डोसा हवा होता, हे त्या गर्दीत फक्त मला कळलं होतं.

रविवारची सकाळ, जयनगरातली माझी नेहमीची दर्शिनी, म्हणजे झटपट खाण्याचं छोटं हॉटेल, आणि रांगेत तो माझ्या पुढे. गल्ल्यापाशी पोचल्यावर त्याने भिंतीवरच्या फळ्याकडे पाहिलं, ओठ मिटले आणि... काहीच नाही. खाकरणं नाही, चाचरणं नाही. ओठ मिटलेले, मानेची शीर ताठ, डोळे फळ्यावरच्या एकाच ओळीवर. शब्द ओठांच्या आत येऊन उभा होता आणि दार उघडत नव्हतं.

"काय हो? मंगळूर बज्जी?" गल्ल्यावरच्या शेट्टींना घाई होती. "बज्जीच ना? एक बज्जी!"

त्याने मान डोलावली आणि कुपन घेतलं.

मी माझा डोसा घेऊन मुद्दाम त्याच्याच टेबलाशी गेले. उभ्याने खायचं, त्यामुळे कोण कोणाशेजारी का आलं हे तिथे कोणी विचारत नाही. तो त्या बज्जीकडे असा काही बघत होता की मला हसू आवरेना.

"तुम्हाला डोसा हवा होता ना?"

तो दचकला. "कशावरून?"

"डोळ्यांवरून."

"अस्सं? तर तेव्हाच का नाही सांगितलंत त्यांना?"

"वा! तुमचा शब्द मी कशाला बोलू? तुम्ही बोलणारच होतात की."

यावर त्याने माझ्याकडे पाहिलं. आधीही पाहिलं होतं, पण आता नीट पाहिलं. कपाळावर आलेले केस, खाली उतरलेला चष्मा, आणि त्याच्या वरून बघणारे जरा गोंधळलेले डोळे...

"लोक थांबत नाहीत," तो म्हणाला. "तुम्ही थांबलात."

"थांबतेय कुठे? रांगेत होते मी!"

तो हसला. मग अर्धा डोसा त्याच्याकडे गेला, दोन बज्जी माझ्याकडे आल्या. बाहेर झाडांखाली गुलाबी फुलांचा सडा पडला होता, तो तुडवत आम्ही दोन दिशांना निघून गेलो. नाव विचारायचं राहिलंच. दिवसभर चुटपुट लागून राहिली, कारण त्या रविवारी मी समोरासमोर कोणाशी बोलले ते तेवढंच.

माझ्या बोलण्याला लगाम नाही, असं घरी सगळे म्हणतात. शिरसीच्या घरात मी अखंड बडबडायचे. बंगळुरात आले, पीजीची एक खोली घेतली, आणि हळूहळू माझं बोलणं गल्ल्यापुरतं आणि बसपुरतं उरलं. संध्याकाळी आईचा फोन यायचा. जेवलीस का? जेवले. बरी आहेस ना? बरी आहे. संपलं. मला बोलता यायचं, बोलायला माणूस नव्हतं. रविवार तर नकोसाच वाटायचा.

सोमवारी ऑफिसात रुद्रेश सर एकाला घेऊन आले. "हे वादिराज. कुंदापूरचे. आजपासून आपल्या टीममध्ये. ही सिंचना, हिच्याशेजारी बसा. कान किटले तर सांगा, जागा बदलून देईन."

चष्म्याच्या वरून तेच डोळे.

"बज्जी पचली?" मी विचारलं.

"सिंचना," तो म्हणाला. फक्त तेवढंच. मग जरा वेळाने, "छान आहे हे नाव. लगेच येतं."

त्या वाक्याचा अर्थ मला आठवड्याभरात कळला. ओठ मिटावे लागतात अशी अक्षरं त्याच्याशी वैर धरून होती. म, प, ब... त्यांनी सुरू होणारा शब्द आला की त्याचे ओठ मिटायचे आणि मिटलेलेच राहायचे. एक क्षण, दोन क्षण, कधी समोरच्याला अवघड वाटेपर्यंत. म्हणून तो असे शब्द चुकवत चालायचा. पावसाला 'ते वरून येतंय ते' म्हणायचा. मीटिंगला 'ती खोलीतली गंमत'.

"आणि पगाराला काय म्हणता?"

"तो आल्यावर सांगतो."

आम्ही रोज चारच्या सुमारास खाली जाऊन बाय-टू कॉफी घ्यायचो. एक कॉफी, दोन ग्लासांत. तो सावकाश बोलायचा, मी भरभर.

"तुम्ही ना," तो एकदा म्हणाला, "इतकं बोलता की... उरलेल्या जगाच्या वाट्याचंही संपवता."

"मग तुम्ही माझ्या वाट्याचं गप्प बसा."

"चालेल. रोज?"

त्या 'रोज'वर मी कॉफीत बघत बसले. माझ्या बडबडीला असं कोणी पहिल्यांदाच गप्प केलं होतं.

एक गोष्ट मात्र मी कसोशीने पाळायचे. त्याचे ओठ मिटले की मी थांबायचे. शब्द मला कळलेला असायचा, जिभेवर यायचा, आणि मी तो गिळायचे. कारण आला की त्याचा शब्द अख्खा यायचा. तुकड्यांत नाही, पुन्हा पुन्हा नाही. एकदाच, पुरता.

हे माझं निरीक्षण पुढे फार कामाला आलं.

आमची कंपनी खेड्यापाड्यांतल्या आरोग्यसेविकांसाठी आवाज टिपणारं एक छोटं यंत्र बनवत होती. लिहायला वेळ नसतो, तर यंत्रापुढे बोला. त्या यंत्राच्या पोटातला सगळ्यात खालचा थर, कर्नल म्हणतात तो, आम्ही लिहायचो. वरचे थर बिघडले की आरडाओरडा करतात. खालचा बिघडला की तो गप्प राहतो आणि दोष भलत्यावरच येतो.

तसंच झालं. मोठ्या साहेबांपुढे यंत्र दाखवायचं होतं आणि चाचणीची रेकॉर्डिंग वादिराजच्या आवाजात होती. रुद्रेश सरांनी बटण दाबलं. खोलीभर आवाज घुमला, "नमस्कार... मा-मा-माझं नाव..."

कोणीतरी घसा साफ केला. कोणीतरी टेबलाकडे पाहिलं. मी वादिराजकडे पाहिलं तर तो आपल्या बुटांकडे बघत होता.

"आवाज बदलू या आपण," सर नंतर म्हणाले. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. "मनाला लावून घेऊ नका हं, वादिराज."

"चूक... आहे खरी," तो म्हणाला. कोणाची ते त्याने सांगितलं नाही, पण सगळ्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी त्याने गावी जाऊन घरूनच काम करायची परवानगी मागितली. तिकडे कोणाशी बोलायला नको, सगळं टाइप करून चालेल. सरांनी ती दिली. चारच्या कॉफीला त्याने मला हे सांगितलं, तेही अगदी सहज, जणू हवापाण्याबद्दल बोलत होता.

"कधी?"

"या आठवड्याअखेर."

"रविवारी?"

"रविवारी दुपारी."

मला भरभर बोलता येतं ना? तरी मी नुसता ग्लास फिरवत राहिले. हा गेला की पुन्हा ती खोली, तो फोन, जेवलीस का, जेवले... मला तो हवा होता. हे इतकं सरळ मनात आलं की मीच घाबरले.

पण त्या मा-मा-माझंने माझं डोकं पोखरलं होतं. वादिराज असं बोलत नाही! त्याचे ओठ मिटतात, आवाज बंद होतो, मग शब्द अख्खा येतो. हे मा-मा कुठून आलं? त्याने टाकून दिलेली सगळी रेकॉर्डिंग मी शोधून काढली आणि कानाला लावून बसले. पा-पा-पाणी. बा-बा-बाळ. प्रत्येक वेळी तोच प्रकार. पडद्यावर आवाजाच्या रेघा काढल्या आणि एकीवर एक ठेवल्या. पहिला 'मा' आणि दुसरा 'मा' तंतोतंत सारखे, केसाचाही फरक नाही. माणूस एकच अक्षर दोनदा हुबेहूब सारखं म्हणूच शकत नाही. हे यंत्राचं काम होतं.

मग इतरांच्या आवाजात का नाही? मी स्वतः चाचणीचा धडा वाचून टिपला. स्वच्छ. शेजारच्यांकडून वाचून घेतला. स्वच्छ. दुपारभर डोकं फोडलं आणि मग लख्ख कळलं. आम्ही सगळे धडाधड वाचत होतो. थांबत कोणीच नव्हतं.

आवाजाच्या चाचणीसाठी भिंतींत कापूस भरलेली एक छोटी खोली आहे आमच्याकडे. शनिवारी ऑफिस रिकामं असतं, तेव्हा मी यंत्र घेऊन तिच्यात जाऊन बसले. वाचायचा कागद बाहेरच विसरले होते, म्हणून जे तोंडाला येईल ते बोलू लागले.

"आज सुट्टी आहे." थांबले. खूप थांबले. त्या खोलीत स्वतःचा श्वाससुद्धा मोठा वाटतो. "बोलायला कोणी नव्हतं म्हणून इथे आले." पुन्हा थांबले. एकटीला इतका वेळ गप्प बसणं जड जात नाही, हे तेव्हा कळलं. सवय होती मला. मग का कोण जाणे, तोंडून निघून गेलं, "जाऊ नका ना, वादिराज."

ऐकलं तर यंत्र म्हणालं, "बो-बो-बोलायला कोणी नव्हतं."

आनंदाने ओरडावंसं वाटलं. चूक सापडली होती! पण माझाच आवाज मलाच पुन्हा पुन्हा सांगत होता की कोणी नव्हतं, कोणी नव्हतं... डोळे पुसत पुसतच मी वादिराजला फोन केला. "आत्ता या. आत्ताच!"

तो धावत आला. मी त्याच्या कानांना हेडफोन लावला आणि उत्साहाच्या भरात काही न सांगताच बटण दाबलं.

त्याने ऐकलं. दोन शब्द, तीन शब्द. चेहरा उतरत गेला. मग त्याने हेडफोन काढून हळूच टेबलावर ठेवला.

"शाळेत करायचे असं सगळे," तो म्हणाला.

"असं म्हणजे?"

"नक्कल. तुम्ही तरी... तुम्ही असं कराल, वाटलं नव्हतं."

"अहो नाही! ऐका तरी—"

तो निघून गेला होता. हाक मारायला गेले तर जिन्यावर नुसते पावलांचे आवाज.

रागही आला, रडूही आलं. मग दोन्ही बाजूला सारून खुर्चीत बसले आणि ती ओळ शोधून काढली. बोलणं थांबलं की आमचं यंत्र बॅटरी वाचवायला डुलकी काढतं. आवाज आला की जागं होतं, पहिलं अक्षर हातचं जाऊ नये म्हणून टिपून ठेवलेला आवाज स्मृतीत जरासा पुढे सरकवतं, आणि सरकवताना घोळ घालतं. कर्नलमध्ये नक्कल करायच्या दोन रीती असतात. एक धांदरट, पुढून सुरू करून सुसाट पळणारी. ती चालते, पण जुनी जागा आणि नवी जागा वेगळ्या असतील तरच. दुसरी आधी जागा बघते, मग हात घालते. त्या ओळीत पहिली रीत वापरली होती आणि वर कोणीतरी शेरा लिहून ठेवला होता, 'हे दोन तुकडे एकमेकांवर कधीच येत नाहीत.'

आमच्याकडे दुरुस्ती पाठवताना खाली टीप लिहायची पद्धत आहे. काय बिघडलं, का बिघडलं, आणि मग नावं. चूक कोणामुळे सापडली, दुरुस्त कोणी केली, तपासली कोणी. तपासणाऱ्याचं नाव नसेल तर दुरुस्ती आत जात नाही. मी लिहिलं:

'फळीवर ओळीने डबे आहेत. रवा, पोहे, साखर, डाळ, आणि शेवटचा रिकामा. प्रत्येकातलं शेजारच्यात ओतायचंय. पहिल्यापासून सुरुवात केली तर रवा पोह्यांवर पडतो, पोहे जातात, आणि पुढे सगळ्या डब्यांत रवाच रवा. शेवटच्या डब्यापासून सुरुवात केली तर काहीच हरवत नाही. बोलताना जो मध्ये थांबतो त्याच्याच आवाजात ही चूक दिसते. दोष आवाजाचा नाही, यंत्राचा आहे. चूक सापडली ती वादिराज यांच्यामुळे.'

तपासणाऱ्याची जागा मी रिकामी सोडली आणि टीप सगळ्यांना पाठवून दिली.

तासाभरात रुद्रेश सरांचा घरून फोन. "ही काय स्वयंपाकाची कृती आहे? आणि ती ओळ लिहिली कोणत्या शहाण्याने?"

"तुम्ही, सर."

"...तेव्हा वाटलं, बोलताना इतका वेळ थांबतंय कोण! बरं, तपासून टाकतो मी."

"तुम्हाला नाही जमायचं, सर. तुम्ही बोलताना श्वाससुद्धा घेत नाही."

फोन ठेवला आणि वर पाहिलं तर दारात वादिराज उभा. धावत आल्यासारखा, केस विस्कटलेले, हातात फोन, फोनवर माझी टीप.

"ते रेकॉर्डिंग," तो म्हणाला. "सगळं ऐकायचंय."

मी त्याला कापसाच्या खोलीत यंत्रापाशी बसवलं आणि बाहेर आले. त्या खोलीचं दार काचेचं आहे, म्हणून पाठ करून उभी राहिले. शेवटी काय बोलले होते ते आठवलं आणि कानशिलं तापली. जे शेवटी होतं तेच आधी ऐकवलं असतं तर... पण तेव्हा कुठे सुचलं होतं!

दार उघडलं. "यंत्र सांगतंय, जा-जा," तो म्हणाला. चेहरा गंभीर, डोळे मात्र हसरे.

"ते यंत्राचं. माझं फक्त शेवटचं."

"हं. तेच ऐकलं."

मग आम्ही दुरुस्त केलेलं यंत्र घेऊन आत बसलो. तो बोलला, मी हातांची घडी घालून ऐकलं. हेडफोन एकच होता, त्याची एक बाजू त्याच्या कानाला, एक माझ्या, त्यामुळे डोकी जवळ आली.

"नमस्कार." मग शांतता, त्याची स्वतःची, जेवढी होती तेवढीच. "माझं नाव वादिराज."

त्याने पुन्हा लावलं. पुन्हा ऐकलं.

"एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच."

"एवढंच अडखळतो तर... इतके दिवस वाटायचं—" त्याला पुढे बोलवेना, आणि या वेळी अक्षरांचा काही दोष नव्हता. त्याने चष्मा काढून पुसला आणि तपासणाऱ्याच्या रिकाम्या जागी आपलं नाव घातलं.

तरीही रविवार यायचा तो आलाच. मी सकाळी दर्शिनीत गेले तर तो रांगेत होता, अगदी तसाच, माझ्या पुढे. खांद्याला प्रवासाची पिशवी.

गल्ल्यापाशी त्याचे ओठ मिटले.

"बज्जी?" शेट्टी म्हणाले.

त्याने हात वर केला. थांबा.

"अहो, आटपा की लवकर!" मागून कोणीतरी ओरडलं.

मी वळले. "कुठे आग विझवायला जायचंय का तुम्हाला?"

"मसाला डोसा," तो म्हणाला. "दोन."

शेट्टी बघतच राहिले. "अरेच्चा! मग इतके दिवस बज्जी का खात होतात?"

आम्ही टेबलाशी गेलो. डोसा गरम होता, कॉफीवर साय धरत होती. मी त्याच्या पिशवीकडे पाहिलं.

"तिकीट आहे?"

"आहे. जाऊन येतो. आईला काही सांगायचंय."

"येतो?"

"सरांना कळवलंय, इथेच राहणार."

मी डोशाचा तुकडा उगीचच चटणीत बुडवत राहिले. "आणि आईला काय सांगणार?"

त्याने चष्मा वर सारला, तो पुन्हा खाली आला. "ती डब्यांची टीप... दोन जागा एकमेकींवर येत असतील तर कसं करायचं?"

"शेवटच्या डब्यापासून सुरू करायचं," मी म्हटलं.

"तसंच करतो." त्याने ताटली बाजूला सारली. "आवडतेस," तो म्हणाला. श्वास घेतला. "तू."

तू. आजवर नेहमी तुम्ही होते मी.

आणि मग त्याचे ओठ मिटले.

एकच शब्द उरला होता. कोणता, ते शेट्टींनाही सांगता आलं असतं. तो माझ्या जिभेच्या टोकावर आला होता आणि तिथेच चुळबुळत होता. शेजारच्या टेबलावरचे लोक बघू लागले. कोणी ताटल्या आपटल्या, कोणी कुपनाचा नंबर पुकारला. त्याच्या मानेची शीर ताठ झाली, डोळे माझ्यावरून हलले नाहीत. इतके रविवार मी शांततेत काढले होते, पण या शांततेच्या पलीकडे कोणीतरी माझ्यासाठी धडपडत होतं. कॉफी निवली. मी शब्द गिळला आणि वाट पाहिली.

"मला," तो म्हणाला.

अख्खा आला. एकदाच.